वॉचमनचा आवाज हवाय? मग बेळगावचं माणूस बोलवा

मराठी डबिंगमध्ये आमच्या बेळगाव-निपाणीकडचा हेल कानावर पडला की समजायचं, पडद्यावर वॉचमन आलाय. नाहीतर गडी, भाजीवाली, किंवा हिरोचा पहिला मार खाणारा गुंड. हिरोईन पुण्याची, तिची आई पुण्याची, घरातला कुत्रा बोलला असता तर तोही सदाशिव पेठेतलाच निघाला असता.

उच्चार स्वच्छ हवेत, मान्य. मीही ते घोटूनच घेतलेत. आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. शहापूरला माहेरी दोन दिवस राहून आले की माईकसमोर अजून 'करतो' निसटतं आणि काचेपलीकडचा पोरगा फिदीफिदी हसतो. हसू दे बापडा. माझं भांडण हेलावरनं नाहीच.

हल्ली दक्षिणेतले सिनेमे मराठीत येतात, त्यात कन्नडही असतात. माझ्या हाती पडणारं स्क्रिप्ट मात्र बऱ्याचदा हिंदीवरनं उतरवलेलं असतं. मग ओठ बसत नाहीत. पडद्यावरच्या बाईनं 'प', 'ब', 'म' साठी ओठ मिटलेत आणि माझ्या वाक्यात तिथं नेमका 'आ'! मग शब्द हलवा, श्वास चोरा, एकाच ओळीचे टेकवर टेक. मूळ कन्नड कळणारं माणूस लिहितानाच शेजारी बसलं असतं, तर निम्मी कटकट वाचली असती. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटाला येतं, त्यामुळं थांबायच्या जागाही पुष्कळदा जुळतात. आम्ही सांगली आकाशवाणी आणि धारवाड आकाशवाणी एकाच रेडिओवर ऐकत वाढलो. हा कान क्लास लावून येत नाही. पण आम्हाला बोलावणार कधी, तर सगळं लिहून झाल्यावर, वॉचमनपुरतं.

कन्नडकडं जावं म्हटलं तर तिथं दुसरीच तऱ्हा. साठच्या दशकापासून तिथं सिनेमा डब करायला अघोषित बंदी होती. स्थानिक कलाकारांचं काम जाईल, भाषेला धक्का बसेल, ही भीती. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं ही अडवणूक बेकायदा ठरवली, तेव्हा कुठं दार किलकिलं झालं. ती भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण दोन भाषा जिभेवर असलेल्या आमच्या पोरांना घराजवळ हे काम शिकायची सोय राहिली नाही, हेही तितकंच खरं.

आता नावाचं. हिंदी 'बाहुबली'त प्रभासला आवाज शरद केळकरांचा, 'पुष्पा'ला श्रेयस तळपदेंचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कामं झकासच आहेत, वाद नाही. पण ते दोघं आधीच पडद्यावर दिसलेले. बाकीच्यांची नावं श्रेयनामावलीत शोधून दाखवा. माझ्या आत्तीला अजून वाटतं की मी 'कम्प्युटरवर काहीतरी' करते.

आणि नुसत्या डबिंगवर घर चालत नाही हो. लग्नाचं सूत्रसंचालन, शाळेची गॅदरिंगं, रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या सेलच्या जाहिराती, एकच मजकूर आधी मराठीत मग कन्नडमध्ये. त्याचे पैसे विचारले की दुकानदार म्हणतो, "दोन मिन्टं बोलायचं त्याचं एवढं?" घरातलं कपाट गोधड्यांनी मढवून बूथ केलाय. जुलै-ऑगस्टात पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की ते बंद. गणपतीत डीजे, म्हणून तेही बंद. नवरा म्हणतो पावसाळी अधिवेशन बेळगावला घ्या, कामकाज आपोआप तहकूब होईल.

स्टुडिओवाल्यांनो, पुढचा कन्नड सिनेमा मराठीत करायला घ्याल तेव्हा सीमाभागातलं एक माणूस लिखाणाच्या टेबलावर बसवा. त्याचे वेगळे पैसे द्या आणि शेवटी पाटीवर नाव टाका. वॉचमनचा आवाज मग आम्ही वरकड म्हणून देऊ.