दहा वर्षांचा अनुभव, पॉइंट मात्र तीनच वर्षांचे

'मास्टर्स आणि दहा वर्षांचा अनुभव असेल तर कॅनडाचा पीआर पक्का. अनुभव जास्त तितके पॉइंट जास्त, दोन मास्टर्स असतील तर सोन्याहून पिवळं, ऑफर लेटर मिळालं की वरून आणखी पॉइंट. आयईएलटीएस काय, नुसती पास व्हायची.' या अर्थाचा मेसेज सर्रास पुढे ढकलला जातो. यातलं एकेक विधान तपासू.

आधी अनुभव. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल कामगारांना पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) देण्याच्या कॅनडाच्या निवड-पद्धतीत, दोन वेगळे हिशेब आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. तिच्यातल्या फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेसाठी १०० पैकी ६७ गुण लागतात. त्यात अनुभव सहा वर्षांपर्यंत मोजतात. पण ते फक्त दारातून आत येण्यापुरतं. खरी चढाओढ सीआरएस गुणांवर (अर्जदारांची क्रमवारी लावणाऱ्या गुणांवर) होते आणि तिथे कॅनडाबाहेरचा अनुभव तीन वर्षांवर थांबतो. चौथं वर्ष असो की दहावं, भर शून्य. उलट वय वाढतं: एकट्या अर्जदाराला २९ व्या वर्षी वयाचे ११० गुण, ३६ व्या वर्षी ७२. म्हणजे सात वर्षं अनुभव 'कमावून' ३८ गुण घालवले.

शिवाय तो अनुभव एकटा काहीच देत नाही. भाषेच्या किंवा कॅनडातल्या अनुभवाच्या जोडीनेच मोजला जातो. म्हणून 'नुसती पास' हे या मेसेजमधलं सगळ्यात महागडं वाक्य. एकटा अर्जदार घ्या: वय २९, मास्टर्स, भारतात तीन वर्षं नोकरी. चारही कौशल्यांत सीएलबी (कॅनडाची भाषा मोजायची पट्टी) ७, म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये सगळीकडे ६ बँड, तर एकूण ३६३. सीएलबी ९, म्हणजे लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७, तर ४६९. माणूस तोच, कागद तेच, फरक १०६ गुणांचा. आता लिसनिंगला फक्त अर्धा बँड कमी, ७.५ आला असं धरा: बेरीज ४११. भाषेचे आठच गुण जातात, पण शिक्षण आणि अनुभव या दोघांनाही भाषेच्या जोडीने मिळणाऱ्या जोडगुणांतले २५-२५ सोबत जातात. अशा वेळी नवी पदवी शोधण्यापेक्षा परीक्षा पुन्हा देणं केव्हाही स्वस्त.

दोन मास्टर्स? एका मास्टर्सला १३५. दुसऱ्याला काही नाही. फायदा होतो तो साध्या पदवीवाल्याला. तीन वर्षांची पदवी १२०, तिच्या जोडीला किमान एक वर्षाचा डिप्लोमा असेल तर १२८, आणि सीएलबी ९ असेल तर जोडगुण २५ चे ५०. एकूण ३३ गुण वाढतात. मात्र ईसीए (परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन) करताना दोन्ही प्रमाणपत्रं द्यायला हवीत. अनेकजण फक्त पदवीचं मूल्यांकन करून घेतात आणि डिप्लोमा कपाटातच राहतो.

ऑफर लेटरचे सीआरएसमधले गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत.

राहिला हुद्दा. 'सीनियर मॅनेजर' या शब्दाला किंमत नाही; कामं कोणत्या एनओसी कोडशी जुळतात ते पाहतात (ही एनओसी म्हणजे ना-हरकत नव्हे, व्यवसायांचं वर्गीकरण). काम टीअर (एनओसीतली कामाची पातळी) ० ते ३ मधलं, पगारी आणि गेल्या दहा वर्षांतलं हवं. शिवाय एका वर्षाचं, म्हणजे १,५६० तासांचं, काम सलग असावं लागतं. आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त राबलात तरी वरचे तास धरत नाहीत.

इथे अर्ज अडतात ते पत्रावर. 'हे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे कार्यरत होते, त्यांना शुभेच्छा' एवढ्या मजकुराने भागत नाही. लेटरहेडवर हुद्दा, तारखा, प्रत्यक्ष कामं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व इतर लाभ, सही करणाऱ्याचं नाव-पद आणि कंपनीचा संपर्क, सगळं लागतं. आणि कामांची यादी एनओसीच्या पानावरून जशीच्या तशी उतरवू नका; तपासणाऱ्याने ती वाक्यं शेकडो वेळा वाचलेली असतात.