एकेकाळी येत असलेले रसायनशास्त्र

ज्याला रसायनशास्त्र मुळीच येत नाही, अशा माणसाला ते शिकवता येते. ज्याला ते उत्तम येते, त्याला शिकवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खरी पंचाईत होते ती ज्याला ते एकेकाळी येत होते त्याची, कारण त्याच्या डोक्यात व्याख्या मुक्कामाला राहिलेल्या असतात आणि त्यांचे अर्थ केव्हाच घर सोडून गेलेले असतात. 'एकाच मूलद्रव्याच्या ज्या अणूंचे अणुअंक समान परंतु अणुवस्तुमानांक भिन्न असतात' हे वाक्य मला आजही झोपेतून उठवून विचारले तरी एका दमात म्हणता येते. ते समस्थानिकांविषयी आहे की समभारिकांविषयी, हे सांगण्यासाठी मात्र पूर्ण जागे व्हावे लागते.

भाचीची परीक्षा तोंडावर आली तेव्हा रसायनशास्त्राच्या पायाभूत भागाची उजळणी तिने माझ्याबरोबर करावी, असे घरात ठरले. ठरवणाऱ्यांत मी नव्हतो. माझी पात्रता एवढीच की या विषयात मी पूर्वी उत्तीर्ण झालो होतो, आणि दुर्दैवाने त्याचा लेखी पुरावा बहिणीच्या कपाटात होता. "तुला सगळे येते, फक्त वरवर नजर टाकायची आहे," असे ती म्हणाली. उजळणीविषयी यापेक्षा घातक वाक्य मी ऐकलेले नाही. पान उघडले की सारेच ओळखीचे दिसते, आणि त्यातले काय येत नाही हे समोरच्याने 'का?' असे विचारेपर्यंत कळत नाही. माझी भाची 'का?' विचारणारी आहे.

सुरुवात अणूपासून झाली. अणूचे प्रकरण ज्या क्रमाने शिकवले जाते, त्यात प्रत्येक परिच्छेद आधीच्या परिच्छेदातले विधान सभ्यपणे मागे घेत असतो. १८०८ च्या सुमारास डाल्टन सांगतो की अणू अविभाज्य आहे. १८९७ मध्ये थॉमसन त्यातून इलेक्ट्रॉन शोधून काढतो. १९११ मध्ये रदरफोर्ड दाखवून देतो की अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान मधल्या चिमुकल्या केंद्रकात आहे आणि बाकीची जागा बहुतांशी रिकामी आहे. १९१३ मध्ये बोर त्या रिकाम्या जागेत इलेक्ट्रॉनांना ठरावीक कक्षा आखून देतो. आणि आपण ती वर्तुळे कंपासने सुबक काढून, रंगवून, खाली नाव घालून झाल्यावर पुढच्या इयत्तेचे पुस्तक कळवते की इलेक्ट्रॉन असे गोल फिरत नाहीत. साक्षीदाराने इतक्या वेळा जबानी बदलली असती तर न्यायालयाने त्याला केव्हाच घरी पाठवले असते. येथे त्या प्रत्येक जबानीवर स्वतंत्र गुण आहेत.

तरीही हे सारे मी सांभाळून नेले. अडचण आली ती पोटॅशियमपाशी. इलेक्ट्रॉनांच्या या कक्षांना कवचे म्हणतात; कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून त्याची दुप्पट केली की त्या कवचात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची कमाल संख्या मिळते, म्हणजे अनुक्रमे २, ८, १८, ३२, हे मी मोठ्या रुबाबात सांगितले. भाचीने पोटॅशियमचे संरूपण वाचले : २, ८, ८, १. मग तिने विचारले, "मामा, तिसऱ्या कवचात अठरा जागा आहेत ना? आठ भरल्यात, दहा रिकाम्या आहेत. मग एकोणिसावा चौथ्यात का गेला?" प्रश्न इतका रास्त होता की तो मला विद्यार्थी असताना का पडला नाही, याचेच मला आश्चर्य वाटले. मी वेळ काढण्यासाठी कॅल्शियमकडे वळलो. तेथे विसावा इलेक्ट्रॉनही चौथ्या कवचातच गेलेला होता. स्कँडियमकडे वळलो, तर एकविसावा इलेक्ट्रॉन मुकाट्याने मागे येऊन तिसऱ्या कवचात बसला होता. याचे उत्तर आहे. कवचांच्या आत उपकवचे असतात, आणि पोटॅशियमपाशी चौथ्या कवचाचे पहिले उपकवच हे तिसऱ्याच्या शेवटच्या उपकवचापेक्षा कमी ऊर्जेचे पडते, म्हणून इलेक्ट्रॉन आधी तिकडे जातो. परंतु हे उत्तर त्या पुस्तकात नाही. त्या पुस्तकात केवळ 'बाह्यतम कवचात आठपेक्षा अधिक इलेक्ट्रॉन नसतात' असे एक वाक्य आहे, आणि त्यालाच 'का?' विचारले की आपण पुन्हा पोटॅशियमपाशी येऊन पोहोचतो.

आवर्तसारणीने मला थोडा दिलासा दिला, कारण हा या विषयातला सर्वांत देखणा भाग आहे आणि त्याविषयी बोलताना माणूस नकळत जाणकार वाटू लागतो. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा साठ-पासष्टच मूलद्रव्ये ठाऊक होती, तरीही त्याने काही जागा बिनदिक्कत रिकाम्या सोडल्या आणि तेथे येणाऱ्या पाहुण्यांचे गुणधर्म आधीच लिहून ठेवले. १८७५ मध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला गॅलियम सापडले. त्याने मोजलेली घनता ४.७ होती. मेंडेलीव्हने, ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, त्याला कळवले की नमुना नीट शुद्ध करून पुन्हा मोजावे, घनता ५.९ च्या आसपास यायला हवी. पुन्हा मोजली, आणि ती तेवढीच आली. पदार्थ एकाच्या हातात आणि त्याची घनता दुसऱ्याच्या कागदावर, असा हा प्रसंग मी रंगवून सांगितला. भाचीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि हायड्रोजनवर बोट ठेवून हा वायू सोडियम-पोटॅशियम या धातूंच्या डोक्यावर काय करतो आहे, असे विचारले. बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन असणाऱ्यांच्या स्तंभात बसलेल्या हेलियमचे आठ इलेक्ट्रॉन कुठे आहेत, हाही प्रश्न तिच्याकडे तयार होता. मी पान उलटले.

पुढचे पान मोलचे होते, आणि येथे माझ्यावर जो अन्याय झाला त्याची दाद कोणाकडे मागावी हे मला अद्याप उमगलेले नाही. संपूर्ण रसायनशास्त्रात एकच व्याख्या अशी होती की जी मला शब्दाने शब्द पाठ होती आणि शिवाय समजलेलीही होती : कार्बन-१२ या समस्थानिकाच्या बरोबर १२ ग्रॅममध्ये जितके अणू असतात, तितके कण म्हणजे एक मोल. ती मी म्हटली. भाचीने पुस्तकात पाहिले, मान हलवली आणि सांगितले की ही व्याख्या आता नाही. मी पुस्तक हातात घेतले. खरोखरच नव्हती. वजने-मापांच्या जागतिक परिषदेने मोलची व्याख्या बदलून २० मे २०१९ पासून नवी लागू केली होती, आणि तिच्यानुसार मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, ना एक कमी, ना एक जास्त. म्हणजे ६०२२१४०७६ लिहून पुढे पंधरा शून्ये द्यायची. कार्बनचा संबंध संपला. त्या बिचाऱ्याच्या एका मोलचे वस्तुमान आता बरोबर १२ ग्रॅम आहे असेही ठामपणे म्हणता येत नाही. ते मोजावे लागते आणि मोजल्यावर १२ ग्रॅमच्या अत्यंत जवळ येते. जे विसरलो ते सगळे जसेच्या तसे शिल्लक होते, आणि जे एक लक्षात ठेवले ते नेमके रद्द झाले होते.

या संख्येला ज्याचे नाव आहे त्या ॲव्होगाड्रोने ती कधी पाहिलीही नव्हती, ही गोष्ट मला त्या क्षणी फार जवळची वाटली. त्याने १८११ मध्ये एवढेच म्हटले होते की समान तापमान आणि समान दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते. ती किती, हे त्याने सांगितले नाही. १८५६ मध्ये तो वारला, आणि १९०९ मध्ये झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने या संख्येला त्याचे नाव सुचवले. संख्या मोठी आहे म्हणजे किती मोठी, हे पटवण्यासाठी मी भाचीला सांगितले की सेकंदाला एक याप्रमाणे एक मोल कण मोजायला बसलो तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या दहा लाख पटींहून अधिक काळ लागेल. तिने ते गणित करून पाहिले. ते बरोबर निघाले. एवढे सारे कण अठरा ग्रॅम पाण्यात असतात, म्हणजे एका घोटात, यावर तिचा विश्वास बसायला मात्र वेळ लागला, आणि खरे सांगायचे तर माझाही पूर्णपणे बसलेला नाही.

क्लोरीनचे वस्तुमान ३५.५ का, हा प्रश्न त्याच ओघात आला. क्लोरीनचा एकही अणू साडेपस्तीस वजनाचा नसतो. काही पस्तीसचे असतात, काही सदतीसचे, आणि पहिल्यांची संख्या दुसऱ्यांच्या सुमारे तिप्पट असल्यामुळे सरासरी तेथे पडते. येथे माझे समस्थानिकांचे वाक्य प्रथमच कामाला आले आणि मी ते लागोपाठ दोनदा म्हटले.

त्यानंतर समीकरणे संतुलित करणे आले. हा प्रकार ज्यांना जमतो त्यांना तो खेळ वाटतो. नियम एकच आहे आणि तो लव्हाझिए या अठराव्या शतकातल्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या काळापासून चालत आला आहे : अभिक्रियेत वस्तुमान नाहीसे होत नाही आणि नवे निर्माण होत नाही, म्हणून बाणाच्या डावीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे जितके अणू असतील तितकेच उजवीकडे असले पाहिजेत. यात सूत्रांच्या पुढे आकडे घालण्याची मुभा आहे; सूत्रांच्या पोटातल्या आकड्यांना हात लावण्याची नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी तयार करताना उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडतो, आणि तो गुपचूप पाण्याच्या सूत्रात चिकटवून दिला की समीकरण तत्काळ जुळते, हे प्रत्येक पिढीला स्वतंत्रपणे सुचते. फक्त त्यामुळे पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड झालेले असते.

आम्हाला आले होते ब्युटेनचे ज्वलन. ब्युटेनच्या रेणूत चार कार्बन आणि दहा हायड्रोजन. चार कार्बनांसाठी उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू घेतले, दहा हायड्रोजनांसाठी पाण्याचे पाच. इथवर सर्व सुरळीत होते. मग उजवीकडचे ऑक्सिजन मोजले : कार्बन डायऑक्साइडमध्ये आठ, पाण्यात पाच, एकूण तेरा. डावीकडे ऑक्सिजन जोडीनेच येतो. जोड्यांनी तेरा करायचे तर साडेसहा रेणू लागतात. ऑक्सिजनचा अर्धा रेणू घेऊन तो ब्युटेन कसा जळणार, असा प्रश्न भाचीच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. उपाय सोपा आहे : सगळेच दुप्पट करायचे. ब्युटेनचे दोन, ऑक्सिजनचे तेरा, कार्बन डायऑक्साइडचे आठ, पाण्याचे दहा. डावीकडे सव्वीस ऑक्सिजन, उजवीकडे सोळा आणि दहा मिळून सव्वीस. ही जुळणी झाल्यावर होणारा आनंद मी कोणाला समजावून सांगू शकत नाही. घरात त्या संध्याकाळी दुसरे काहीही जुळत नव्हते, आणि या कागदावर सव्वीसला सव्वीस होते. भाचीने तेवढ्यात तांबे आणि विरल नायट्रिक आम्ल यांचे समीकरण काढले. त्यात तीन, आठ, तीन, दोन आणि चार असे आकडे लागतात, हे मला उत्तरांच्या पानावरून ठाऊक आहे. तेथपर्यंत चाचपडत कसे जायचे याविषयी ते पान काही बोलत नाही.

ऑक्सिडीकरण आणि क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणे आणि मिळवणे, यांवर आम्ही फार रेंगाळलो नाही. इलेक्ट्रॉन मिळवणाऱ्याचा ऑक्सिडीकरणाचा आकडा कमी होतो आणि गमावणाऱ्याचा वाढतो, कारण अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेची धन आणि ऋण बाजू ठरवली तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला माहीतच नव्हता आणि पुढे तो ऋण बाजूला निघाला. या एका निवडीमुळे जगातल्या किती विद्यार्थ्यांनी उलट उत्तरे लिहिली असतील याचा हिशेब मांडायला मोलच लागेल.

शेवटी आम्ल, आम्लारी आणि सामू, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी आहे हे सांगणारा पीएच. सामूचे माप १९०९ मध्ये सोरेन्सनने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत, तयार केले, ही माहिती मी घाईने सांगून टाकली आणि बहिणीकडे पाहिले नाही. सामू सातपेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी, सातपेक्षा जास्त म्हणजे आम्लारिधर्मी. एक अंक उतरला की हायड्रोजन आयन दहापट. तीनचा सामू सहाच्या तुलनेत दुप्पट आम्ल नव्हे, हजारपट. शिवाय तीव्र आम्ल आणि संहत आम्ल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण तीव्रता आयन किती सुटतात यावर ठरते आणि संहती पाण्यात आम्ल किती घातले यावर. हे सारे मला स्वच्छ आठवत होते, आणि म्हणूनच मी सावध राहायला हवे होते.

भाचीने वहीत गणित मांडले. हायड्रोक्लोरिक आम्ल लिटरला एक दशांश मोल, सामू १. एक शतांश, सामू २. दर वेळी दहापट पाणी, दर वेळी एक अंक वर. ती खाली खाली उतरत गेली आणि लिटरला १० चा वजा आठवा घात मोल इथे येऊन थांबली. सूत्राने प्रामाणिकपणे उत्तर दिले होते : ८. "मामा, आम्लात पाणी घालत गेलो की ते आम्लारी होते?"

असे होत नाही. आम्ल कितीही विरल केले तरी ते सातच्या पलीकडे जात नाही. सूत्र आम्लातून आलेले हायड्रोजन आयन मोजते, आणि इतक्या विरल द्रावणात खुद्द पाण्याचे आयन त्यांच्यापेक्षा जास्त असतात, जे कोणी हिशेबात धरलेलेच नसतात. ते धरले की उत्तर ६.९८ येते. मी हे सांगितले आणि ती खूश झाली. मग तिने पेन्सिल उचलली आणि म्हणाली की पाण्याचे आयन १० चा वजा सातवा घात, त्यात आम्लाचे मिळवले तर ६.९६ येते, ६.९८ नाही. आम्लाच्या उपस्थितीत पाणी स्वतःचे आयन थोडे कमी सोडते, हे समजावण्यासाठी समतोलाचे प्रकरण उघडणे भाग होते. ते तिच्या पुस्तकात नव्हते, म्हणून माझे जुने पुस्तक शोधण्यासाठी बहिणीचे कपाट पुन्हा उघडावे लागले.