पुस्तकाबद्दल खरं बोलू नये, अंगाशी येतं

तुम्ही वाचणारे आहात असं एकदा गावात पसरलं, की तुमचं काही खरं नाही. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, अगदी दहाव्याच्या मांडवातही कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारतं, ''मग? सध्या काय वाचन चालू?'' अशा वेळी जे चालू आहे ते सांगायचं नसतं. एखादं जाडजूड नाव घ्यायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि ''दुसऱ्यांदा वाचायलोय'' म्हणायचं. पहिल्यांदा कधी वाचलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

अभिजात पुस्तकांपासून सुरुवात करू, कारण तिथं धोका जास्त. 'ययाति' १९५९ची आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते १९७४ साली खांडेकरांना. एवढ्या वजनाच्या माणसासमोर ''कच आला की माझा डोळा लागायचा'' असं म्हणणं म्हणजे वाघाच्या गुहेत जाऊन शिट्टी मारणं. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात आणि मला पटली ती एकट्या शर्मिष्ठेची, हेसुद्धा पोटात ठेवा. ''भोगवादावरचं भाष्य'' एवढंच म्हणून पुढची जिलेबी घ्या.

'मृत्युंजय'बाबत तर जास्तच जपा. सोळाव्या वर्षी कर्णासाठी रडला नाही असा मुलगा आमच्याकडे शोधून सापडायचा नाही. मीही रडलो, उशी ओली केली. पण परभणीच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, लाइट गेलेली असताना त्या पुस्तकात पानोपानी तळपणारा सूर्य वाचणं म्हणजे दोन्हीकडून भाजून निघणं, हेही तितकंच खरं. एकदा चहाच्या टपरीवर मी नुसतं विचारलं, ''भरसभेत द्रौपदीला हा कर्ण काय बोलला होता, आठवतंय का?'' त्या दिवशी सहा जणांच्या चहाचे पैसे मला द्यावे लागले आणि त्यातले दोघे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

'श्यामची आई'. रडा. प्रश्न विचारू नका.

'कोसला' मात्र हातात दिसली पाहिजे, त्यातही कॉलेजात असाल तर शर्टाच्या रंगाला साजेशी आवृत्ती बघून घ्या. नेमाड्यांनी १९६३ साली ती 'शंभरातील नव्व्याण्णवांस' अर्पण केली. ज्यानं ज्यानं ती वाचली त्याला आपण त्या उरलेल्या एकात आहोत असं वाटतं. आमच्या होस्टेलात एका मजल्यावर असे सत्तावीस एकटे राहत होते. माझ्या वडिलांनी एका दिवाळीत माझीच प्रत उचलली आणि ओसरीवर बसून दोन दिवस वाचली. मधेच मान वर करून म्हणाले, ''बापानं एवढा पैसा लावला, अन् हे लेकरू पुण्यात करायलंय काय?'' मी त्यांना अस्तित्ववाद समजावून सांगायला लागलो. ते ऐकून घेत होते, म्हणजे पान शोधत होते. पुढे नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते तिथं आल्यावर त्यांनी पुस्तक उलटं घालून ठेवलं आणि गोठ्यात गेले. बैलांना वैरण तासाभरापूर्वीच टाकून झालेली होती. हे तुम्ही कुठल्या चर्चासत्रात सांगू नका. तिथं 'परात्मता' म्हणायचं असतं.

आता परदेशी जादूचे ग्रंथ. इथं नियम उलटा: आवडलं तरी लपवायचं. वय चाळीस, डोक्यावर कर्ज, शेतात सोयाबीन, आणि तुम्ही तीन खंडांत एका अंगठीच्या मागं हिंडताय, हे सोयरिकीच्या दृष्टीनं बरं दिसत नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ साली तीन भागांत आलं. टॉल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक, म्हणजे वेळेची अडचण नव्हती. माझी चूक अशी झाली, की मी ती गोष्ट रोज रात्री थोडी थोडी आजीला सांगितली. आजीच्या सात वाऱ्या पायी झालेल्या. ती सुपात तूर निवडत ऐकायची.

''किती जण निघालेत?''

''नऊ.''

''चालतच?''

''चालतच. मधेमधे गाणी म्हणतात.''

''मंग ही तर दिंडीच झाली की रे. इणेकरी कोण?''

मी जरा विचार करून त्यातल्या जादूगाराचं नाव घेतलं, गँडाल्फ. पांढरी दाढी, हातात काठी, कधी पुढं तर कधी गायब. आजीला पटलं. एल्रॉन्डच्या घरी सगळे जमून अंगठीचं काय करायचं यावर बोलत बसतात, ते प्रकरण मी वाचताना दोनदा पेंगलो होतो. आजी म्हणाली, ''ग्रामसभाय. कुणी ना कुणी उठून जुनं काढणारच.'' मग आली ती लेम्बास नावाची भाकरी, एल्फ या त्यातल्या जादुई जमातीची, पानांत गुंडाळलेली, तिच्यावर माणूस दिवसभर चालू शकतो. तुरीवरचा आजीचा हात थांबला.

''दशम्याच त्या. दुधात मळल्या असतील. पाण्यात मळल्या तर दुसऱ्या मुक्कामाला वास मारतो.''

टॉल्किननं दुधाचा उल्लेख केला आहे का, हे मी परत जाऊन शोधलं, हे कबूल करतो. इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापकांसमोर मी हा दशमीचा मुद्दा कधी काढला नाही. तुम्हीही काढू नका. तिथं नकाशे, भाषा, युद्धोत्तर युरोप वगैरे असतं.

हॅरी पॉटरचं त्या मानानं सोपं. मूळ पुस्तक १९९७चं, मराठीत पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं आला. आमच्या घरी चर्चा अडली ती जिन्याखालच्या कपाटावर. त्या लेकराला तिथं झोपवणारी त्याची सख्खी मावशी आहे म्हटल्यावर आईनं पुस्तकच नाकारलं. 'माय मरो पण मावशी उरो' असं म्हणत आलेल्या घरात ही बाई चालणार कशी? लातूरला दोन वर्षं होस्टेलवर काढलेल्या भाच्यानं मात्र वेगळाच आक्षेप घेतला: वसतिगृहाच्या जेवणाची सात भागांत फारशी कुणी तक्रार करत नाही, ताटात आपोआप पदार्थ येतात, तेही गरम. ''मामा, हे कायच्या काय आहे,'' तो म्हणाला. उडत्या झाडूला त्याची हरकत नव्हती.

किशोरांसाठीच्या कादंबऱ्या वाचायच्याच असतील तर लातूर पॅटर्नमधून, म्हणजे तिथल्या स्पर्धा-परीक्षांच्या घाण्यातून गेलेलं पोर शेजारी बसवा, फार सोपं जातं. 'ट्वायलाइट'मधला एडवर्ड जन्मला १९०१ साली, सतरा वर्षांचा असताना व्हँपायर झाला आणि २००५ सालच्या त्या पुस्तकात अजून हायस्कूलातच बसतो. इंग्रजीत याला प्रेमकथा म्हणतात. भाचा म्हणाला, ''रिपीटर बॅच आहे.'' एडवर्ड रात्री खिडकीतून येऊन मुलीला झोपलेली बघत बसतो, यावर घरातल्या बायकांचं मत इथं छापण्यासारखं नाही. काठी कुठं ठेवलेली असते ते त्यात होतं. 'हंगर गेम्स' २००८चं: बारा जिल्हे, चोवीस पोरं आत सोडायची, एक जिवंत उरणार. ''चोवीसात एक?'' भाच्याच्या चेहऱ्यावर चक्क हेवा दिसला. जिल्ह्यांना नावं नाहीत, नुसते आकडे, हे मात्र मला सोयीचं वाटलं. आमच्या मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांपैकी दोनांच्या नावाच्या पाट्या २०२३ साली बदलल्या, आकडे असते तर रंगाचा खर्च वाचला असता.

आणि 'ड्यून' तर चारचौघांत उघडूच नका. हे १९६५चं पुस्तक, वाळवंटी ग्रहाचं. लोक अंगातला घामसुद्धा गाळून पितात. मी ते २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला बहिणीकडे वाचलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं त्या दिवसांत. दारात घागरींची रांग, कुणाची कितवी घागर यावरून भांडण, आणि मी आत पंख्याखाली 'भविष्यकाळातली कल्पना' वाचतोय. भांडी विसळलेलं पाणी बहीण कुंडीत ओतत होती. तिनं विचारलं, ''काय आहे त्याच्यात?'' म्हटलं, पाणी नाही. ती म्हणाली, ''मग पैसे देऊन कामून घेतलंस?'' त्या ग्रहावर म्हणे दुसऱ्यासमोर थुंकणं हा मोठा मान, आपल्या अंगातलं पाणी त्याला वाहिलं असा अर्थ. त्या हिशेबानं आमच्या बसस्टँडच्या भिंतींइतका आदर जगात कुणाला मिळाला नसेल. लाल रंगाचा.

एवढं सांभाळूनही खरं बोलायची खाज सुटलीच, तर तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि पेन्सिल न्या. आमच्या भागातली खरी समीक्षा तिथंच होते, समासात, बिननावाची. 'ययाति'च्या एका प्रतीत कुणीतरी लिहिलंय, ''कच सर, बसा आता.'' खाली दुसऱ्या अक्षरात, ''असं बोलू नये.'' त्याखाली तिसरा, ''बरोबर बोलला.'' एका जादूच्या जाडजूड पुस्तकात शेवटून दुसऱ्या पानावर फक्त ''मरतो'' एवढंच आहे, बाणासकट. ग्रंथपालांना हे माहीत आहे. वर्षातून एकदा ते खोडरबर घेऊन बसतात, पण वाचत वाचत खोडतात, त्यामुळं फार पुढं जात नाहीत.

गेल्या महिन्यात तिथली 'कोसला' घेतली. बांधणी सुटलेली, मागच्या चिठ्ठीवर तारखांचे निळे शिक्के. मी चार लोकांना ही कादंबरी समजावून सांगितलेली, एका स्मरणिकेत तिच्यावर लेखही लिहिलेला. पान ६२च्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, ''इथून पुढं दिवाळीत वाचू.'' 'द'ची शेपटी ओळखीची वाटली. चिठ्ठीवर माझा सभासद क्रमांक होता.