‘फायटरला डोकं लागत नाही’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गेले काही महिने एक मराठी पोस्ट फिरते आहे. मला ती चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवली. तिचा मथितार्थ असा: फायटर, म्हणजे शस्त्रानं लढणारं पात्र, बनवायला डोकं लागत नाही. पात्राच्या सहा क्षमतांपैकी स्ट्रेंथ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि करिझ्मा (छाप) १५-१५-१५ करा, बाकीचं सगळं ८ वर सोडा, कारण आपल्याला मार बसायच्या आत समोरचा मेला पाहिजे. ढाल म्हणजे फुकट गेलेला हात, त्यापेक्षा दोन हातांची तलवार घ्या. ग्रेट वेपन मास्टर हे फीट (खास कसब) घ्या आणि प्रत्येक वार त्यानंच करा. पाचव्या लेव्हलनंतर विझर्डच (जादूगारच) सगळं करतो, तेव्हा फायटर सोडून द्या. आणि लढाई चालू नसेल तेव्हा फायटरनं गप्प बसावं.

मी सहा वर्षं फायटरच खेळते. रविवारी सकाळी मिसळ खाऊन आम्ही सहाजण नाशिकच्या कॉलेज रोडजवळ एका मैत्रिणीच्या घरी बसतो, ते संध्याकाळपर्यंत. मी ही पोस्ट हसून सोडून दिली असती. पण जूनमध्ये आमच्याकडे अकरावीतला एक मुलगा नव्यानं आला, तो याच पोस्टवरून पात्र तयार करून आला होता.

पहिल्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण नवीन माणसाचं नुकसान तिथंच होतं.

आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळतो. त्यात आकडे विकत घ्यायला २७ गुण मिळतात आणि १५ ची किंमत ९ गुण. तीन १५ घेतले की सगळे २७ संपले. मुलाचं गणित चोख होतं. व्हेरिएंट ह्यूमन (दोन क्षमता एकेकानं वाढवून देणारा माणसाचा प्रकार) घेऊन त्यानं स्ट्रेंथ आणि डेक्स्टेरिटी १६ वर नेली. कॉन्स्टिट्यूशन (अंगाचा चिवटपणा) राहिलं ८, म्हणजे त्याचा बोनस उणे एक. पहिल्या लेव्हलच्या फायटरचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) १० अधिक कॉन्स्टिट्यूशनचा बोनस, म्हणून त्याचे झाले ९.

तिसऱ्या तासाला नदीच्या उतारावर ओगर नावाचा एक राक्षस आडवा आला. मुलगा पुढं धावला, त्याचा वार हुकला. ओगरचा वार दोन आठ-बाजूंचे फासे अधिक चार. डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) फासे सगळ्यांसमोर टाकले: सात आणि आठ. एकूण १९. आता नियम असा आहे की हिट पॉइंट शून्यावर आल्यावर उरलेला मार जर तुमच्या कमाल हिट पॉइंटांइतका किंवा जास्त असेल, तर बेशुद्धी नाही, मरणाशी झुंजणारे फासे नाहीत, जागीच मृत्यू. ९ गेले, १० उरले. संपलं. त्यानं खोडरबर घेऊन तो नऊचा आकडा इतका खोडला की कागदाला भोक पडलं. कुणी काहीच बोललं नाही.

तोच मुलगा कॉन्स्टिट्यूशन १४ घेऊन आला असता तर हिट पॉइंट १२ झाले असते. १९ चा मार बसला असता, ७ उरले असते, तो बेशुद्ध पडला असता. शेजारी क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुरोहित) उभा होता, त्याची पाळी लगेच पुढची होती. आणि हे एका फाशाच्या नशिबावर नाही. ओगरच्या साध्या वाराचा जास्तीत जास्त आकडा २०. बारा हिट पॉइंटवाल्याला जागीच मारायला २४ लागतात. म्हणजे क्रिटिकल (दुप्पट फाशांचा वार) बसला तरच, एरवी तो ओगर त्याला एका वारात मारूच शकत नव्हता. सगळा फरक तीन हिट पॉइंटांचा.

आणि हा फरक लेव्हलगणिक वाढत जातो. पाचव्या लेव्हलला सरासरीनं हिशोब केला तर कॉन्स्टिट्यूशन ८ वाल्याचे होतात २९, १४ वाल्याचे ४४. फायरबॉल या आगीच्या मंत्राचा सरासरी मार २८ आहे, एवढं लक्षात घ्या.

‘आधी मारा’ म्हणून डेक्स्टेरिटी १५ सांगितली आहे, त्याचंही बघा. फायटर चेनमेल किंवा प्लेट घालतो. या जड चिलखतात डेक्स्टेरिटीचा एक अंशही आर्मर क्लासमध्ये (वार बसवायला गाठावा लागणारा आकडा) जात नाही. उरतो इनिशिएटिव्हचा (पाळी आधी येण्याचा) थोडा फायदा आणि फायरबॉलसारख्या गोष्टींतून अंग चोरायची थोडी शक्यता. त्यासाठी ९ गुण द्यायचे? हलकं चिलखत घालून रेपियर चालवणारा फायटर असेल तर डेक्स्टेरिटी जरूर घ्या, पण मग स्ट्रेंथवर गुण कशाला घालवता? दोन्ही डगरींवर हात ठेवायला २७ गुण पुरत नाहीत.

विज्डम (मनाचा सावधपणा) ८ ची शिक्षा उशिरा मिळते, म्हणून ती कुणाला दिसत नाही. फायटरची तयारी स्ट्रेंथ आणि कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हमध्ये (संकटातून सुटायच्या फाशात) असते, विज्डममध्ये नाही. समोरच्यानं होल्ड पर्सन हा थिजवणारा मंत्र टाकला, डीसी (गाठायचा आकडा) १३ असली, तर उणे एकवाल्याला वीस-बाजूंच्या फाशावर १४ लागतात. वीसपैकी तेरा वेळा तो जागच्या जागी थिजणार, आणि थिजलेल्या माणसावर पाच फुटांच्या आतून बसलेला प्रत्येक वार क्रिटिकल असतो. मी स्वतः २७ गुण असे वाटते: स्ट्रेंथ १५, कॉन्स्टिट्यूशन १४, विज्डम १२, डेक्स्टेरिटी १२, करिझ्मा १०, इंटेलिजन्स ९. पुढे रेझिलियंट फीट विज्डमसाठी घेते, म्हणजे त्या सेव्हचीही तयारी होते. हा एकच बरोबर मार्ग आहे असं मी म्हणत नाही. पण कॉन्स्टिट्यूशन आणि विज्डम दोन्ही ८ वर ठेवून आघाडीला उभं राहणारं पात्र मी तरी नवीन माणसाच्या हातात देणार नाही.

आता ढाल. ‘फुकट गेलेला हात’ हे वाक्य ऐकायला जोरदार आहे, पण लिहिणाऱ्यानं आकडे मांडले नाहीत. पाचव्या लेव्हलला स्ट्रेंथ १८ धरू. दोन हातांची ग्रेटसोर्ड, तिला साजेशी फायटिंग स्टाइल (लढायची खास पद्धत) घेऊन, दर यशस्वी वाराला सरासरी १२.३ मार करते. एका हातात लाँगसोर्ड, डुएलिंग स्टाइल आणि दुसऱ्या हातात ढाल असेल तर १०.५. म्हणजे ग्रेटसोर्डनं जादा दोनचा मारसुद्धा पूर्ण मिळत नाही. त्या बदल्यात चेनमेलचा आर्मर क्लास १६ चा १८ होतो. ओगरला १६ वर वार बसवायला वीसपैकी अकरा बाजू चालतात, १८ वर नऊ. पूर्ण संध्याकाळभरात फायटरवर तीस-चाळीस वार होतात, तेव्हा या दोन बाजू म्हणजे क्लेरिकचे दोन-तीन उपचार वाचले. ते मंत्र मग दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतात. ढालवाल्या फायटरचा फायदा त्याच्या स्वतःच्या कागदावर पूर्ण दिसतच नाही, तो क्लेरिकच्या कागदावर दिसतो.

दोन हातांची तलवार घेणारे चुकतात असं नाही. गटात आधीच एक ढालवाला पॅलाडिन असेल तर मीही ग्रेटसोर्ड घेईन. पण हा निर्णय गट बघून घ्यायचा.

ग्रेट वेपन मास्टरबद्दल मात्र मी कडक बोलेन. फीट उत्तम आहे, ‘प्रत्येक वार त्यानंच’ हा सल्ला वाईट आहे. २०१४ च्या नियमात वार बसवायच्या फाशातून ५ वजा करायचे आणि बसला तर मारात १० मिळवायचे. आमचा मुलगा पहिल्या लेव्हलला गॉब्लिनवर हेच करत होता. गॉब्लिनचा आर्मर क्लास १५, हिट पॉइंट फक्त ७. ग्रेटसोर्डचा साधा वार त्याच्या हातून सरासरी १० मार करतो, म्हणजे गॉब्लिन साध्या वारानंच मरतो. पण साधा वार बसायला वीसपैकी अकरा बाजू चालत होत्या, त्यानं पाच वजा करून त्या सहावर आणल्या. मेलेल्याला आणखी दहा मारायचे म्हणून निम्म्याच्या जवळपास वार घालवायचे!

पाचव्या लेव्हलला, फायटिंग स्टाइल न धरता, हॉबगॉब्लिन घ्या, चेनमेल आणि ढालवाला, आर्मर क्लास १८. साध्या वाराची सरासरी ५.५ येते, पाच वजा करून ५.२५. तोटाच. ओगरवर घ्या, आर्मर क्लास ११, हिट पॉइंट ५९: साधा ९.३५, आणि फीट वापरून १२.६. इथं डोळे झाकून वापरा. समोरचा आडवा पडलेला असेल, किंवा क्लेरिकनं ब्लेस (वार बसायला मदत करणारा मंत्र) टाकलेलं असेल, तरीही वापरा. म्हणजे हे फीट चालवायला समोरच्याचं चिलखत बघावं लागतं, त्याच्यात किती जीव उरला असेल याचा अंदाज घ्यावा लागतो. यालाच डोकं लागणं म्हणतात. २०२४ च्या नव्या नियमांत ते वजा पाच काढूनच टाकलंय, प्रोफिशिएन्सी बोनसइतका (लेव्हलबरोबर वाढणारा आकडा) जादा मार मिळतो. नव्या पुस्तकानं खेळणाऱ्याला या पोस्टमधला हा सल्ला लागूच होत नाही.

‘पाचव्या लेव्हलनंतर विझर्डच सगळं करतो.’ यात खरं काय आहे ते आधी कबूल करते. वरच्या लेव्हलांना विझर्ड क्षणात दुसऱ्या गावी पोचतो, सतराव्याला विश (जवळजवळ काहीही घडवणारा मंत्र) टाकतो. फायटरकडे याला तोड नाही आणि मी तसा दावाही करणार नाही. पण पोस्ट पाचव्या लेव्हलबद्दल बोलते. पाचव्याला विझर्डकडे तिसऱ्या दर्जाचे दोन स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) असतात, अर्केन रिकव्हरीनं (विश्रांतीत स्लॉट परत मिळवून) आणखी एक. दिवसाला तीन फायरबॉल. फायटरला त्याच लेव्हलला दर पाळीला दोन वार मिळतात, ते कधी संपत नाहीत. अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) आणि सेकंड विंड (स्वतःचे हिट पॉइंट भरून काढणं) तासाभराच्या विश्रांतीत परत येतात. ज्या टेबलावर दिवसात एकच लढाई होते आणि मग सगळे झोपतात, तिथं विझर्ड मोठा वाटणारच. आमचा डीएम दिवसाला चार-पाच संकटं आणतो. तिसऱ्यापासून विझर्ड जपून खर्च करायला लागतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे विझर्डचे निम्मे चांगले मंत्र कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे लक्ष टिकलं तरच, चालतात. वार बसला की सेव्ह, किमान डीसी १०. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेला विझर्डही दर वाराला वीसपैकी सात वेळा मंत्र गमावतो. त्याच्यापर्यंत वार पोचूच नये, हे काम कुणाचं? १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला तेव्हा फायटिंग मॅन, मॅजिक यूजर आणि क्लेरिक असे तीनच वर्ग होते. पुढे २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं तर फायटरचं हे काम नियमातच लिहिलं: त्यानं खूण केलेला शत्रू दुसऱ्या कुणावर वार करायला गेला की त्याला वजा दोन. २०१४ मध्ये ती खूण फायटरला आपोआप मिळत नाही, पण सेंटिनेल फीट घेतलं तर तेच काम होतं. शत्रू तुमच्याजवळून निघाला आणि तुमचा ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावरचा जादा वार) बसला, की त्याचा वेग शून्य.

आमच्या डीएमनं मोहिमेतला एक किल्ला रामशेजवरून उचललाय. नाशिकच्या पोरांना रामशेज सांगावा लागत नाही. पेठ रस्त्यानं गेलं की उजव्या हाताला दिसणारा तो बुटका डोंगर, मोगलांनी १६८२ मध्ये वेढा घातला आणि मूठभर शिबंदीनं तो वर्षानुवर्षं लढवला. तोफा नव्हत्या तर लाकडाच्या केल्या, असं सांगतात. तो अकरावीतला मुलगा दुसरं पात्र घेऊन आला होता: कॉन्स्टिट्यूशन १४, ढाल, सेंटिनेल. तिसऱ्या लेव्हलला होतो आम्ही. खालच्या दरवाजात दहा फुटांची वाट, बाहेर आठ हॉबगॉब्लिन. तो दारात उभा राहिला. मागून विझर्डनं वाटेवर वेब (चिकट जाळ्याचा मंत्र) टाकलं होतं, ते टिकलं तरच आम्ही वाचणार होतो. पहिला हॉबगॉब्लिन जाळ्यातून सुटून त्याच्या बाजूनं आत घुसायला गेला. मुलानं फासा टाकला, सतरा, आणि त्याच्या आकड्यासकट वार बरोबर बसला. “वेग शून्य,” तो हळूच म्हणाला, डीएमकडे बघत, खात्री करून घ्यायला. हॉबगॉब्लिन दारातच अडकला आणि मागच्यांची वाट त्यानंच बंद केली. पाच राउंड वेब टिकलं. विझर्डवर एकही वार आला नाही. त्या लढाईत मुलानं केलेला एकूण मार २३ होता, आमच्यात सगळ्यात कमी. पोस्टच्या मोजपट्टीनं तो नापास.

शेवटचा मुद्दा, लढाई नसताना गप्प बसण्याचा. फायटरला दोन कौशल्यं वर्गातून मिळतात, दोन पार्श्वभूमीतून. अ‍ॅथलेटिक्समध्ये स्ट्रेंथवाल्याला गटात सहसा कुणी हरवत नाही. २०२४ च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलपासून सेकंड विंडचा एक वापर खर्चून हुकलेल्या अ‍ॅबिलिटी चेकमध्ये दहा-बाजूंचा फासा मिळवता येतो, म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनाही फायटर गप्प बसायला नको आहे.

पण मला आकड्यांपेक्षा पात्र कुठून आलंय याचा उपयोग जास्त होतो. माझी फायटर तांबटाची मुलगी आहे. जुन्या नाशकात तांबट आळीतून जाताना लहानपणी जी ठोक्यांची लय ऐकली, तिच्यावरून मला ती सुचली. कागदावर पार्श्वभूमी गिल्ड आर्टिझन, ढाल तिनं स्वतः ठोकलेली. मागच्या महिन्यात आम्ही एका देवळाच्या कोठारात तासभर नकाशा शोधत होतो. विझर्डनं जादू ओळखायचा मंत्र टाकला, काहीच उमटलं नाही, कारण तिथं जादू नव्हतीच. मी म्हटलं, माझी फायटर घागरी बघते. डीएमनं फासा टाकायला सांगितला, पंधरा आले. बाकीच्या घागरींवर ठोके जुने, झिजून एकसारखे झालेले. एकीच्या बुडाशी ताजे, धारेचे, घाईनं मारलेले. मी कट्यारीचं टोक घालून बूड उचकटलं, नकाशा आत होता.