गूळ ओतून खत होत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरत आला. ओल्या कचऱ्यात ट्रायकोडर्मा या बुरशीची पावडर टाका, वर रोज पावशेर गूळ पाण्यात कालवून ओता. बुरशीला जितकं खाऊ घालाल तितकी ती जास्त एन्झाइम सोडेल. चमचाभर युरियाही घाला. सात दिवसांत खत! लोकमान्यनगरच्या मावशीने हे तंतोतंत केलं. रविवारी तिच्या गच्चीवरच्या मडक्याचं झाकण काढलं तर ताडीसारखा आंबूस भपकारा, चिलटांचा थवा, आणि मेथीच्या काड्या अख्ख्याच्या अख्ख्या.

गुळाचंच आधी घेते, कारण सगळी खोट तिथे आहे. बुरशीला तोंड नसतं. ती एन्झाइम, म्हणजे अन्न तोडणारी प्रथिनं, बाहेर सोडते, काडीतला सेल्युलोज नावाचा चिवट धागा तोडून त्याची साखर करते आणि ती शोषून घेते. आयती साखर पुढ्यात असताना ती हा उपद्व्याप कशाला करेल? ट्रायकोडर्मात क्री१ नावाचं प्रथिन असतं. ग्लुकोज मुबलक असलं की ते सेल्युलेजची, म्हणजे सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमची, जनुकं दाबून ठेवतं. एन्झाइम बनवणाऱ्यांना हे इतकं नडलं की त्यांनी तो लगामच तोडला. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर कुजक्या सुती कापडावर सापडलेल्या ट्रायकोडर्मा रीसाईपासून रुट-सी३० हा वाण निघाला. त्यात क्री१ मोडकं आहे, म्हणून साखर असतानाही तो सेल्युलेज देतो. गुळाने एन्झाइम वाढली असती तर एवढी खटपट कोणी केली असती का? आणि मडक्यातला गूळ आधी यीस्ट अन् जिवाणूच फस्त करतात. तो ताडीचा वास त्यांचा.

वेस्ट डीकंपोजर या कचरा कुजवणाऱ्या विरजणाच्या २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ घालतात, हे खरं. पण तो पिंपात विरजण वाढवण्यापुरता, कचऱ्यावर रोज ओतायला नाही.

युरिया? भाजीच्या सालींत नायट्रोजन मुळातच भरपूर, वर युरिया म्हणजे नाकात अमोनिया. लाकूड कुजवणारी फॅनेरोकीट बुरशी तर नायट्रोजन संपत आल्यावरच लिग्निन हा लाकडाला टणक करणारा पदार्थ तोडणारी एन्झाइम काढते.

राहिले सात दिवस. आपल्याच इंदूरात शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खताची इंदूर पद्धत बसवली, १९३१ साली ती पुस्तकरूपाने आली. काडीकचरा, शेण, राख, माती, मधूनमधून उलथापालथ, आणि सुमारे तीन महिने. गुळाचा खडाही नाही.

मावशीच्या मडक्यातला चिखल आम्ही परातीत पसरला, त्यात चार ओंजळी वाळका पाला मिसळला आणि झाकणाखाली काडी सरकवून फट ठेवली. उरलेली भेली तिने पोळ्यांसाठी डब्यात ठेवली आहे.