बॉल म्हणजे बॉल? कुठला बॉल?

भाचीनं रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर एक पान पाठवलं. नेट-सेटच्या ग्रुपांवर फिरतंय म्हणे. खाली तिचा प्रश्न : "मामा, एवढं पाठ केलं तर चालेल ना?" पानावर चार ओळी. लेबेगचा डिफरन्सिएशन प्रमेय (फंक्शनची लहान लहान बॉलांवरची सरासरी जवळजवळ प्रत्येक बिंदूपाशी तिथल्या किमतीकडे जाते) कुठल्याही मेट्रिक स्पेसमध्ये, म्हणजे जिथे बिंदूंमधलं अंतर ठरलेलं असतं तिथे, कुठल्याही मेझरला, म्हणजे सेट किती मोठा हे मोजायच्या रीतीला, लागू, 'कारण बॉल म्हणजे बॉल' (केंद्रापासून ठरावीक अंतराच्या आतले सगळे बिंदू). मेट्रिक, म्हणजे अंतर मोजायची रीत, बाय-लिप्शिट्झ बदललं (नवं अंतर जुन्याच्या दोन ठरलेल्या पटींच्या मधेच राहिलं) तरी काही बिघडत नाही. सगळ्या बॉलांवर जुळणारी दोन मेझर्स एकच असतात. अपवाद आहेत ते फक्त पुस्तकी.

नाही चालणार, बाई.

पहिल्या ओळीत अर्धं खरं आहे, ते मान्य करून टाकतो. मेझर डबलिंग असेल, म्हणजे त्रिज्या दुप्पट केल्यावर बॉलचं मेझर एका ठरलेल्या पटीबाहेर जात नसेल, तर व्हिटालीच्या कव्हरिंगवर (एकमेकांना न छेदणारे बॉल निवडून सेट झाकायच्या युक्तीवर) काम भागतं. पण पान म्हणतं 'कुठल्याही मेझरला'. युक्लिडीय स्पेसमध्ये, म्हणजे शाळेतल्या भूमितीच्या अवकाशात, प्रत्येक लोकली फायनाइट मेझरला (प्रत्येक बिंदूभोवती सांत मेझरचा बॉल मिळतो अशा) प्रमेय लागू होतो, तो बेसिकोविचच्या कव्हरिंगमुळे : बॉल फार वेळा एकमेकांवर न चढवता सेट झाकता येतो. त्यामागचं कारण वहीत काढून बघता येतं. अशी वर्तुळं काढा की एकाचंही केंद्र दुसऱ्या वर्तुळात येणार नाही, पण सगळ्यांत मिळून एक बिंदू सामाईक असेल. त्या बिंदूपासून कुठल्याही दोन केंद्रांकडे रेघा ओढा. केंद्रांमधलं अंतर त्या त्रिकोणातली सर्वांत मोठी बाजू ठरते, म्हणून बिंदूपाशी कोन ६० अंशांहून मोठा. म्हणजे जास्तीत जास्त पाच वर्तुळं. सहावं बसत नाही. अशी मर्यादा असणं, याला पुढे बेसिकोविचचा गुणधर्म म्हणतो.

आता असं गाव धरा जिथून अनंत वाड्या फुटतात. प्रत्येक वाडी चौकापासून एक कोस, आणि एका वाडीहून दुसरीकडे जायचं तर चौकातूनच, म्हणजे दोन कोस. प्रत्येक वाडीभोवती एक कोसाचा बॉल घ्या. चौक सगळ्यांत येतो, दुसरी वाडी कुठल्याच बॉलमध्ये येत नाही. पाचची मर्यादा गेली कुठे? एवढ्यानं प्रमेय मोडत नाही, पण त्याचा आधार निघून जातो.

मला खरा राग आला तो दुसऱ्या ओळीचा, कारण ती ऐकायला शहाणी वाटते. हायझेनबर्ग ग्रुप घ्या : अवकाश तीन मितींचंच, पण बिंदू जोडायचा नियम वेगळा, त्यात क्रम महत्त्वाचा. त्यावरची होमोजिनियस अंतरं (ग्रुपमधल्या सरकवण्याशी आणि लहान-मोठं करण्याशी जुळणारी) सगळी एकमेकांशी बाय-लिप्शिट्झ आहेत. तरीही त्यांतलं कोरान्यी अंतर घेतलं किंवा कार्नो-कॅराथिओडोरी अंतर घेतलं, बेसिकोविचचा गुणधर्म मोडतो. पुढे ल दॉन आणि रिगो या गणितज्ञांनी त्याच ग्रुपवर अशी होमोजिनियस अंतरं दाखवली की गुणधर्म टिकतो. मूळबिंदूभोवतीचा त्यांचा एकक बॉल दिसायला साधा युक्लिडीय गोळा. ग्रुप तोच, टोपॉलॉजी (कुठला बिंदू कशाकडे सरकत जातो, एवढंच सांगणारी रचना) तीच, अंतरं एकमेकांच्या ठरावीक पटींच्या आत, आणि एकीकडे 'हो', दुसरीकडे 'नाही'. त्याच दोघांचा आणखी एक निकाल आहे : स्पेसमध्ये एक जरी अ‍ॅक्युम्युलेशन पॉइंट (ज्याच्या कितीही जवळ दुसरे बिंदू सापडतात असा) असला, तरी मूळ अंतराला हवं तितकं जवळचं बाय-लिप्शिट्झ अंतर रचून हा गुणधर्म मोडता येतो. म्हणजे ही ओळ जवळपास सगळीकडेच चूक. ती लिहिणाऱ्यानं मेट्रिक आणि टोपॉलॉजी यांची खिचडी केलीय. (हायझेनबर्गवरच्या हार मेझरला, म्हणजे सेट सरकवला तरी न बदलणाऱ्या मेझरला, प्रमेय लागू होतोच, ते डबलिंग आहे. फसतो तो 'कुठल्याही' हा शब्द.)

तिसऱ्या ओळीवर शाई वाया घालवत नाही. डेव्हिस या गणितज्ञानं १९७१ मध्येच अशी कॉम्पॅक्ट मेट्रिक स्पेस दिली जिथे दोन वेगळी मेझर्स प्रत्येक बॉलवर तंतोतंत जुळतात.

नेमकी अट हवी असेल तर ती प्राइस या गणितज्ञाच्या १९८३ च्या निकालात आहे : कम्प्लीट (मधे फटी नसलेल्या), सेपरेबल (गणनीय बिंदूंनी सगळीकडे जवळ पोचता येईल अशा) स्पेसमध्ये प्रत्येक लोकली फायनाइट मेझरला प्रमेय लागू होतो, तो स्पेस सिग्मा-फायनाइट डायमेन्शनल असेल तेव्हाच, म्हणजे तिचे गणनीय तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात लहान बॉलांपुरती वरच्या पाचसारखी मर्यादा मिळते. हे डायमेन्शन बॉलांच्या कव्हरिंगवरूनच ठरतं, टोपॉलॉजीवरून नाही. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

राहिले 'पुस्तकी अपवाद'. याच प्राइसनं १९८१ मध्ये एक गाऊसियन मेझर (घंटेच्या आकाराच्या वितरणाचं, एकूण १) आणि एक बोरेल सेट (मेझरनं मोजता येणारा) दाखवला. सेटचं मेझर १ पेक्षा कमी, पण जवळजवळ प्रत्येक बिंदूपाशी बॉल लहान करत गेलं की त्याची डेन्सिटी, म्हणजे बॉलच्या मेझरमधला त्याचा वाटा, १ कडे जाते. जवळून पाहावं तिथे सेट भरलेला, एकूण मोजला तर तुटीचा. आणि हे कुठे? साध्या सेपरेबल हिल्बर्ट स्पेसमध्ये, म्हणजे युक्लिडीय स्पेसच्याच अनंत मितींच्या अवतारात, जी भाचीला पुढच्याच सेमिस्टरला आहे.