स्प्रिंग बूट जड, मंद, कालबाह्य? जरा थांबा

जावामध्ये सर्व्हरवरची अ‍ॅप बनवायच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कबद्दल सध्या एक दावा जोरात फिरतोय: ते जड आहे, चालू व्हायलाच वेळ खातं, नेटिव्ह होत नाही (म्हणजे जावाच्या जेव्हीएमशिवाय थेट चालणारी फाइल त्यातून बनत नाही), लोड आला की बसतं, नवीन प्रोजेक्ट क्वार्कस नाहीतर मायक्रोनॉट या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कमध्येच करा.

चालू व्हायला वेळ लागतो, हे मान्य. बीन (फ्रेमवर्क सांभाळतं ते अ‍ॅपचे ऑब्जेक्ट) शोधणं, जोडणं ही कामं स्प्रिंग बूट एरवी अ‍ॅप सुरू होताना करतं. मायक्रोनॉट ती कंपाइल होतानाच उरकतं, क्वार्कस बिल्डच्या वेळी. सर्व्हरलेस (मागणी आली की तेवढ्यापुरतं चालणारं) असेल, किंवा कुबरनेटिसचे पॉड (अ‍ॅपच्या चालू प्रती) सतत शून्यावर जाऊन पुन्हा उठत असतील, तर या दोघांकडे बघायलाच हवं. पण एकदा डिप्लॉय झालं की पुढच्या रिलीजपर्यंत चालणाऱ्या अ‍ॅपला सुरुवातीच्या काही सेकंदांचं काय एवढं?

नेटिव्ह होत नाही, ही तर शिळी बातमी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३.० पासून, नेटिव्ह फाइल बनवणाऱ्या ग्रालव्हीएमचा सपोर्ट अधिकृत आहे. शिवाय नेटिव्ह कुठेच फुकट मिळत नाही: बिल्ड रेंगाळतो, मेमरी खातो, आणि एखाद्या लायब्ररीचं रिफ्लेक्शन (अ‍ॅप चालू असताना नावावरून क्लास शोधून वापरणं) आधी नोंदवायचं राहिलं तर अ‍ॅप ऐन वेळी तोंडघशी पडतं.

आता लोड. स्प्रिंग बूटसोबत येणारा वेब सर्व्हर टॉमकॅट, त्याचे रिक्वेस्ट हाताळणारे डीफॉल्ट थ्रेड २००, त्यापुढे दम संपतो, असं सांगतात. जावा २१ आणि स्प्रिंग बूट ३.२ असेल तर व्हर्च्युअल थ्रेड (हजारोंनी उघडता येणारे हलके थ्रेड) एका सेटिंगने चालू होतात. पण खरी कोंडी बहुतेकदा थ्रेडवर नसतेच, डेटाबेसच्या कनेक्शनवर असते. ही कनेक्शन सांभाळणाऱ्या हिकारी लायब्ररीच्या पूलमध्ये (तयार कनेक्शनच्या साठ्यात) डीफॉल्ट कनेक्शन १०. त्यात जेपीए (डेटाबेसशी ऑब्जेक्टमधून बोलायची जावाची पद्धत) वापरत असाल तर ‘ओपन-इन-व्ह्यू’ हे सेटिंग आपसूक चालू असतं: पहिल्या क्वेरीला घेतलेलं कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत सुटत नाही. क्वेरीनंतर बाहेरच्या एखाद्या एपीआयला कॉल गेला आणि त्याने एक सेकंद लावला, की हिशोब सरळ आहे: सेकंदाला जेमतेम १० रिक्वेस्ट. बाकीच्या रांगेत, आणि ३० सेकंदांत कनेक्शन नाही मिळालं तर एरर. इथे व्हर्च्युअल थ्रेड दिले तर रांग फक्त लांबते. ‘ओपन-इन-व्ह्यू’ चालू ठेवायचा हा डीफॉल्ट स्प्रिंग बूटचा, आणि माझ्या मते चुकीचाच. सुरू होताना लॉगमध्ये त्याची वॉर्निंगही येते, वाचतो कोण! पण क्वार्कसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून आतून तोच कॉल केलात तर तिथेही हेच होणार.

‘हॅलो वर्ल्ड’च्या बेंचमार्कमध्ये यातलं काहीच दिसत नाही, कारण त्यात डेटाबेसच नसतो.

क्वार्कसची बाजू घ्यायचीच तर डेव्ह मोडसाठी (कोड लिहिताना अ‍ॅप चालवायच्या पद्धतीसाठी) घ्या. फाइल सेव्ह करून ब्राउझर रिफ्रेश केला की बदल समोर, आणि मशीनवर डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) असेल तर पोस्टग्रेस डेटाबेससुद्धा आपोआप उभा राहतो. स्प्रिंग बूटने ३.१ मध्ये डॉकर कंपोज आणि टेस्टकंटेनर्स या साधनांतून डेटाबेस वगैरे उभा करायची सोय आणली, तरी ती सफाई अजून आलेली नाही. फिरणाऱ्या दाव्यात नेमका हाच मुद्दा नाही.